नानांची सरळ ओळ

बर्फावरच्या शर्यतींची राष्ट्रीय विजेती म्हणून अजूनही मला कुठे कुठे बोलावतात. शाल देतात, नारळ देतात, मुलांना चार शब्द सांगा म्हणतात. मीही जिद्द, मेहनत, आईवडिलांचे आशीर्वाद असं ठरलेलं काहीबाही सांगून येते. मखमलाबादच्या मारुतीच्या देवळासमोरची ती संध्याकाळ मात्र मी कुठल्याही व्यासपीठावरून सांगितलेली नाही. लेकीने विचारलं तेव्हाही विषय बदलला. आज सांगायला बसले आहे, तरी कान गरम झालेत. या वयात कान गरम व्हावेत म्हणजे कमालच आहे.

आमचं घर फुलांचं. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब, आणि फुलांच्या जोडीला टोमॅटो. उजाडायच्या आत आई आणि काकू शेवंतीच्या सऱ्यांमध्ये वाकलेल्या असायच्या. त्यांच्या बांगड्यांचा आवाज आणि तात्यांच्या, म्हणजे माझ्या काकांच्या ट्रान्झिस्टरवरचं भजन एकदमच ऐकू यायचं. ओल्या गोणपाटाखाली फुलांच्या पाट्या झाकून तात्या बाजाराला निघाले की घर जरा शांत व्हायचं. मग चुलीवर बाजरीच्या भाकरी थापल्या जायच्या. बरोबर ठेचा आणि रात्रीचं उरलेलं पिठलं. हिवाळ्यात आई डिंकाचे लाडू करी. मी बर्फात जायला लागल्यापासून तिने लाडवांतला डिंक दुप्पट केला होता. बर्फ म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं, पण त्याच्यावर डिंक हाच इलाज आहे याबद्दल तिची खात्री होती.

माझे वडील, नाना, बोलायला कमी आणि सरळपणाचे वेडे. माणसाच्या स्वभावातला सरळपणा नव्हे, तो तर होताच. मी जमिनीवरच्या सरळपणाबद्दल सांगते आहे. टोमॅटोला आधाराचे बांबू लावायचे तर ते गाठी मारलेली दोरी शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणत, प्रत्येक गाठीशी एक बांबू ठोकत, आणि शेवटी बांधावर उकिडवे बसून एक डोळा मिटून बघत. एखादा बांबू बोटभर जरी सरकलेला दिसला तरी उपटून पुन्हा ठोकायचे. भांग पाडावा तशी ओळ निघायची. आजूबाजूच्या मळ्यांतली माणसं खास बघायला येत. नानांच्या आयुष्यात कौतुक असं वाट्याला आलं ते एवढंच, आणि त्यांना ते पुरत होतं.

मला बर्फाची वाट दाखवली ती सुभेदारांनी. ते गंगापूर रोडला राहायचे. फौजेत असताना पहाडात जवानांना स्की शिकवलेलं, गुडघा कायमचा दुखावला म्हणून घरी आलेले. त्यांच्या देवपूजेची फुलं मी सायकलवरून पोचवायची. उतारावर ब्रेक न दाबता सायकल वळवत येणारी पोरगी त्यांनी फाटकातून पाहिली आणि एक दिवस चाकांचे बूट माझ्या हातात ठेवले. वर्ष-दीड वर्ष डांबरी रस्त्यावर आपटून झाल्यावर ते मला हिमालयातल्या शिबिराला घेऊन गेले. पायाला दोन लांब पट्ट्या बांधून उतारावरून सुटायचं, हे मला इतकं सहज आलं की तिथले शिक्षकही बघत राहिले. माझी शर्यत स्लॅलमची. उतारावर लाल-निळ्या काठ्या रोवलेल्या असतात, त्यांच्यामधून नागमोडी वळत खाली यायचं. एक काठी चुकली की शर्यत तिथेच संपली.

पण बर्फ वर्षातून काही आठवडेच मिळायचा. उरलेलं वर्ष करायचं काय? तर म्हसरूळच्या बाजूला एक टेकडी आहे, तिच्यावरचं गवत कार्तिकापासून वाळतं आणि भलतं निसरडं होतं. सुभेदारांनी त्यांच्या जुन्या स्की दिल्या. खालून मेणबत्ती घासली की त्या गवतावरून बऱ्यापैकी सुटायच्या. आता काठ्या हव्यात. नाना म्हणाले, "काठ्यांचं माझ्याकडं लागलं." शनिवारी संध्याकाळी ते टोमॅटोचे बांबू खांद्यावर टाकून टेकडी चढले, दोरी ताणली आणि उतारावर असा देखणा मार्ग आखून दिला, की खालून रस्त्याने जाणारे थांबून पाहू लागले. एक डावीकडे, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि दोघांमधलं अंतर अगदी तंतोतंत. सुभेदारांना टेकडी चढता येत नव्हती. त्यांनी खालूनच पाहिलं आणि जरा चाचरत म्हणाले, "नाना, थोडं मागंपुढं करता आलं तर बघा." नानांचा चेहरा पडला. "मागंपुढं? माझ्या हातून?" एवढंच म्हणाले. सुभेदार भले गृहस्थ, त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. मला ती लय आवडायची. डावी-उजवी, डावी-उजवी, डोळे मिटूनही आले असते.

त्या लयीवर मी देशात तीन हिवाळे ओळीने जिंकले. आपल्याकडे तेव्हा बायकांच्या गटात उतरणाऱ्या मुली मोजक्याच असत आणि काठ्याही बऱ्यापैकी सरळसोट लावलेल्या असत. पण हे सांगतंय कोण आणि ऐकतंय कोण? वर्तमानपत्राने 'नाशिकची हिमकन्या' असं छापलं. आईने ते कात्रण देव्हाऱ्याशेजारी चिकटवलं. मी मात्र लाजून जाता-येता त्याच्याकडे पाठ फिरवायची.

घरात या सगळ्याला विरोध होता तो तात्यांचा. तात्या धाकटे, पण बाजार, सोयरीक, सरकारी कचेरी सगळं तेच बघत, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. पिंपळगावचं एक चांगलं स्थळ माझ्यासाठी अडून बसलं होतं. मला परदेशातल्या शर्यतीचं बोलावणं आलं तेव्हा तात्यांनी जेवताना विषय काढला. "दादा, पोरगी लय मोठी झाली, चांगलं झालं. पण पाहुणे किती दिस थांबतील?" नानांनी तोंडातला घास संपवला. मग म्हणाले, "ही शर्यत ती पुरी करून आली तर अजून दोन हिवाळे तिचे. नाय केली तर तू म्हणशील तिथं लग्न." पहिली यायला हवी असं नव्हे. नुसती पुरी करायची. मला ते इतकं सोपं वाटलं की मी पाटावरून उठताना हसले.

शर्यतीआधी तासभर सगळ्यांना मार्ग बघायला सोडतात. मी काठ्यांच्या बाजूने हळूहळू उतरले. ओळ म्हणून नव्हतीच. कुठे दोन काठ्यांमध्ये भलतंच अंतर, कुठे तीन काठ्या एकमेकींना चिकटून, कुठे वळण अचानक उलट्या बाजूला. लावणाऱ्याने मुद्दाम फसवायलाच लावल्या होत्या, तोच तर खेळ. मी सगळं नीट पाहून ठेवलं, मनात घोकलं. पण घोकलेलं डोक्यात राहतं, पायांना कोण सांगणार? पाय नानांच्या दोरीवर वाढलेले. वरच्या टप्प्यात जमलं. मग त्या तीन चिकटलेल्या काठ्या आल्या. माझे पाय आपल्या सवयीच्या जागी वळले, काठी होती अलीकडे. मी तोंडावर पडले आणि कडेच्या जाळीपर्यंत घसरत गेले. थंडी वाजली नाही. लाज इतकी वाटली की हेल्मेट काढवेना. आमच्या संघाच्या व्यवस्थापकांनी रात्री मला माझ्या शर्यतीची व्हिडिओ कॅसेट दिली. म्हणाले, "बघ, शीक." मी ती लोकरीच्या मोज्यांत गुंडाळून बॅगेच्या तळाशी घातली.

घरी फोन नव्हता, शेजारच्या वाण्याकडे होता; तिथे लावून नानांना बोलावून घेतलं. नानांना सांगितलं, "पडले. पुरी झाली नाही." ते म्हणाले, "हातपाय?" मी म्हटलं, "धड आहेत." ते म्हणाले, "मग ये घरी." घरी आले तर गल्लीच्या तोंडाशी कापडी फलक. मंडळाने माझा सत्कार मी जायच्या आधीच ठरवून टाकला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या, प्रमुख पाहुणे ठरले होते, आणि आता रद्द कसा करायचा, म्हणून होणारच होता. तात्या म्हणाले, "पडली तर पडली. पण परदेशात पडली. मखमलाबादेतून कोण पडलंय आजवर परदेशात?" चेष्टेत म्हणाले, पण लगेच पुढे, "पाहुण्यांना निरोप धाडतो मग." नाना म्हणाले, "थांब. काय झालं ते मी डोळ्यांनी बघितल्याबिगर निरोप धाडायचा नाय. नंदे, तुझ्याकडं फिल्लम हाय म्हणालीस ना आईला?" कुठल्या घटकेला मी आईला ते सांगून बसले होते देव जाणे. आमच्याकडे कॅसेट लावायचं यंत्र नव्हतं, कुणाकडेच नव्हतं. सत्कारासाठी मंडळाने भाड्याने आणलेलं तेवढं होतं. नानांना वाटलं, कार्यक्रमाआधी गुपचूप बघून घेऊ. मंडळाच्या पोरांना वाटलं, वा, हीच तर मजा. देवळासमोर सतरंज्या अंथरल्या, टेबलावर टीव्ही चढवला, आणि गल्ली लोटली.

पडद्यावर बर्फ दिसला तसा बायकांमधून "अगं बाई!" असा सूर निघाला. "कसं पांढरं हाय बघ, पिंजलेला कापूसच." "नंदी कुठली यातली?" "टोपड्यात काय ओळखू येतंय?" मग मी आले, वरच्या काठ्यांतून वळत. लोक खूष झाले, शिट्ट्या वाजल्या. आणि मी पडले, घसरत घसरत थेट जाळीला भिडले. त्याबरोबर कडकडून टाळ्या. त्यांना वाटलं, मी सगळ्यांत झपाट्याने खाली आले. आजही टाळ्या ऐकल्या की आधी मला त्याच ऐकू येतात. पुढे बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, "आता बक्षीस कधी देत्यात?" तेव्हा कुणीतरी मागून म्हणालं, "अहो पडली ना ती!" मग जो हशा उठला तो उठला. यंत्राजवळच्याने कॅसेट मागे फिरवली. पडद्यावर मी बर्फातून आपोआप उभी राहिले आणि उलटी घसरत उतार चढत गेले. पोरं हसून लोळायला लागली. "पुन्हा! पुन्हा लाव!" मी शाल पांघरून प्रमुख पाहुण्यांच्या शेजारी खुर्चीत बसले होते, आणि नजर कुठे ठेवावी ते कळत नव्हतं.

"थांब," नाना म्हणाले. "आता मला बघू दे."

ते उठून टीव्हीपाशी गेले. लोकांना वाटलं बापाचं कौतुक चाललंय, जरा शांत झाले. नानांनी बोट काचेवर टेकवलं आणि एकेका काठीवरून खाली आणलं. "ही एक. ही दुसरी. अन् हे काय? इथं एवढं अंतर सोडलं आणि इथं तीन जवळजवळ खुपसल्यात? कुणी लावल्या या? पिऊन लावल्या का काय?" लोक पुन्हा हसले. नाना हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले. "नंदे, तक्रार नाय केली कुणी?"

मी म्हटलं, "नाना, अशाच लावतात. सगळीकडे अशाच."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

त्यांचं बोट काचेवरच राहिलं. तोंडावर टीव्हीचा पांढरा उजेड पडला होता. मग त्यांनी सुभेदारांकडे पाहिलं. ते पहिल्या रांगेत पाय लांब करून बसले होते आणि जमिनीकडे बघत होते. नाना म्हणाले, "तुम्ही मला मागंपुढं करा म्हणाले होते." सुभेदार पुटपुटले, "जाऊ द्या हो नाना, झालं ते." नानांनी बोट काढलं, धोतराला पुसलं आणि आपल्या जागी येऊन बसले. पुढची भाषणं झाली, माझ्या हातात नारळ आला. त्यातलं मला काही आठवत नाही. मी पडले त्याची लाज मी परदेशातून सोबत घेऊनच आले होते, तिची एव्हाना सवय झाली होती. पण नानांना, त्यांच्या गल्लीत, त्यांच्या माणसांसमोर, आपल्या सरळ ओळीची लाज वाटताना पाहिलं, ते मला सोसेना. वाटलं, त्यापेक्षा पाय मोडून आले असते तर बरं.

त्या रात्री घरी आईने पुरणपोळी केली होती. तात्या हात धुताना म्हणाले, "दादा, बघितलं ना डोळ्यांनी? आता निरोप धाडतो." नाना म्हणाले, "उद्या बोलू." आणि ताट तसंच सोडून उठले.

सकाळी ते बांबू घेऊन टेकडीवर गेले. मी मागून गेले, त्यांनी नको म्हटलं नाही. दोरी आणली नव्हती. नुसत्या नजरेने त्यांनी एक बांबू ठोकला, चार पावलं खाली येऊन दुसरा, मग तिसरा. खाली उतरून वर बघितलं. ओळ सरळ, अंतर तेच. उपटले. पुन्हा ठोकले. पुन्हा तेच. मग त्यांनी पाठ फिरवून, अंदाजाने, खोडकर पोराने करावं तसं बांबू इकडेतिकडे खुपसून पाहिले. त्यातला एकही त्यांना बघवेना. हात आपोआप पुढे होऊन सारखा करायचा. शेवटी ते गवतात बसले. "हात वळत नाय गं," म्हणाले. "मी सरळ लावतो याची मला कधी लाज वाटंल असं नव्हतं वाटलं." मला रडू आलं, पण मी रडले असते तर त्यांना आणखी वाईट वाटलं असतं, म्हणून स्कीला मेणबत्ती घासत बसले. दोन्ही स्की घासून झाल्या तेव्हा ते म्हणाले, "जा, तात्याला बोलव."

आता तात्यांच्या हाताबद्दल सांगायला हवं. तात्यांनी लावलेली कोबीची सरी बांधावरून पाहिली तर वाटावं, माणूस लावता लावता तीनदा झोपला आणि चारदा कुणी हाक मारली म्हणून वळला. नानांनी मजुरांदेखत त्यांच्या ओळी उपटून पुन्हा लावल्या होत्या, एकदा नव्हे, वर्षानुवर्षं. आम्ही पोरं त्यावर हसायचो. तात्या बाजाराकडे वळले ते त्याच कारणाने, असं आई म्हणायची. ते धापा टाकत वर आले, तर नाना त्यांच्यापुढे बांबूचा भारा धरून उभे. "तात्या, हे लाव."

"मी? कसं लावू?"

"तुला जमतंय तसं. वाकडं."

तात्यांचं तोंड लाल झालं. "सकाळी सकाळी थट्टा करायला बोलावलं का दादा? पोरीदेखत?"

"थट्टा नाय रे," नाना म्हणाले. "मला येत नाय ते. तुला येतं."

तात्यांनी एकदा त्यांच्या तोंडाकडे, एकदा भाऱ्याकडे पाहिलं. मग तंबाखू थुंकली आणि पहिला बांबू ठोकला. दुसऱ्याला विचारलं, "हा इथं चालंल?" नाना म्हणाले, "मला नको विचारू." पाच-सहा बांबू झाल्यावर तात्यांना रंग चढला. ते मागे सरकून बघायला लागले, स्वतःशीच मान हलवायला लागले. "इथं तीन जवळ खुपसतो. पण पोरगी पडंल हां दादा." "पडू दे," नाना म्हणाले. पिंपळगावच्या पाहुण्यांचा विषय त्या दिवशी निघाला नाही, त्यानंतरही निघाला नाही. पाहुण्यांना काय निरोप गेला ते तात्यांनी कधी सांगितलं नाही. पुढच्या हिवाळ्यात मी त्याच देशात तीच शर्यत पुरी केली. शेवटून चौथी आले, आणि तात्या बाजारात सांगत सुटले की मार्ग आपण आखला होता. पुढची सगळी वर्षं तेच काठ्या लावत राहिले. नाना त्यानंतर टेकडीच्या वर आले नाहीत.

त्या सकाळी मात्र ते खाली, उतार जिथे संपतो तिथे, उभे होते. मी वरून सुटले आणि तात्यांच्या तीन बांबूंत आपटले. पुन्हा वर गेले, पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा स्कीचा पट्टा सुटला आणि मी थेट नानांच्या पायांपर्यंत घसरत आले. कोपरं सोलली होती, अंगभर कुसळं. वरून तात्या ओरडत होते, "लागलं का गं? थोडं सरळ करू का?"

नाना वाकले आणि माझ्या दंडातली कुसळं एक एक उपटायला लागले. बोटं जाडी, पण दुखू न देता काढत होती. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"मी लावले असते," ते म्हणाले, "तर नसती पडलीस."

मी वर ओरडून तात्यांना सांगितलं, राहू द्या तसेच, आणि स्की खांद्यावर घेऊन चढायला लागले.